कमानीखाली उभे दोन गवंडी
शेजारच्या जुन्या देवळाची डागडुजी सुरू आहे. ओल्या चुन्याच्या वासाने मला युरोपातल्या एका जुन्या गावातलं गॉथिक चर्च आठवलं. कंपनीने प्रशिक्षणाला पाठवलं होतं आणि सुटीत पाहिलेलं ते तिसरं चर्च. आत गारवा होता, रंगीत काचांतून फरशीवर निळं-तांबडं ऊन पडलं होतं आणि एक म्हातारा गवंडी चुन्याने दगडांच्या सांधी भरत होता. पुसदला गवंडीकाम करणाऱ्या बाबांना मी व्हिडिओ कॉल लावला. “काचा राहू दे बे, वर दाखव,” ते म्हणाले. “मधला दगड बसेपर्यंत ही कमान पडली कशी नाही? इचार त्या गवंड्याले.” बाबांनी मला काही विचारायची ती पहिलीच वेळ होती. मी इंग्रजीत विचारलं. म्हाताऱ्याने फरशीवरच्या धुळीत बोटाने कमान आणि तिच्याखाली लाकडी आधार काढला. “सेंटरिंग!” बाबा ओरडले. “त्याले सांग, आमीबी असंच करतो.” मी सांगितलं. म्हाताऱ्याने हसून थापी उंचावली; बाबांनीही पुसदच्या बांधकामावरच्या परांचीवरून आपली उंचावली. बाबा आता नाहीत. त्यांच्या मजुरीवर मी पंधरा वर्षं शिकलो. ते शिक्षण त्यांच्या कामी आलं, ते त्या एका दुपारी.