पप्पांच्या हातची सुई

मी नऊ वर्षांची असताना डॉक्टरांनी सांगितलं, की माझं शरीर इन्सुलिन बनवत नाही, ते रोज बाहेरून द्यावं लागेल, आणि कायमचं. आई तिथेच रडायला लागली. पप्पांनी विचारलं, "रोज म्हणजे किती वेळा?"

पप्पा साकीनाक्याच्या एका गाळ्यात लेथवर काम करायचे. आम्ही नाहूरला राहायचो. सुई कशी द्यायची हे नर्सने दोघांनाही मोसंबीवर शिकवलं, पण आईला ती मोसंबीतही टोचवेना. घरी आल्यावर पप्पांनी लुंगी वर सरकवली आणि रिकामी सुई आधी स्वतःच्या मांडीत टोचून बघितली. मग आईला म्हणाले, "तिरपी गेली की दुखतंय. सरळ गेली तर काही नाही."

तेव्हापासून सुई त्यांचीच. सकाळी कामावर जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर. हाताला कितीही साबण लावला तरी कारखान्यातल्या तेलाचा वास जायचा नाही. तोच हात माझं बोट धरायचा, टोचायचा, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा. साखर मोजायच्या मशीनवर आकडा येईपर्यंतच्या पाच सेकंदांत ते मला विचारायचे, "किती असंल, सांग." माझा अंदाज चुकायचा, त्यांचा सहसा नाही. माझ्या तोंडाकडे बघून सांगायचे. बुद्ध पौर्णिमेला खीर मिळायची ती मोजून एक वाटी, आणि वाटी हातात पडायच्या आधी दोन युनिट इन्सुलिन जास्त.

कॉलेजला गेल्यावर मी स्वतः टोचून घ्यायला शिकले. तरी सकाळची सुई त्यांच्याकडेच राहिली. मला गरज नव्हती, पण दोघांपैकी कुणीच तो विषय काढला नाही.

अंधेरीच्या ऑफिसात नोकरी पक्की झाल्यावर मी सेन्सर घेतला, आणि पुढच्या वर्षी पंप. दंडावर रुपयाच्या नाण्याएवढी चकती, ती दर पाच मिनिटांनी फोनवर साखर दाखवणार. कमरेला डबीएवढा पंप, त्याची बारीक नळी पोटावर चिकटवलेली, त्यातून इन्सुलिन आपोआप जाणार. दर तीन दिवसांनी नळीचा सेट बदलायचा, बस. पप्पांनी ते सगळं हातात घेऊन नीट बघितलं.

"हे रक्तातलं मोजतंय का?"

"नाही, कातडीखालच्या पाण्यातलं. रक्ताच्या दहाएक मिनिटं मागे असतं."

"म्हणजे हे मागचं सांगतंय," ते म्हणाले. आयुष्यभर शतांश मिलिमीटरात मोजमाप केलेला माणूस. मग चकती माझ्या हातात ठेवत म्हणाले, "आता मला काय काम?"

"आता आराम करा पप्पा," मी हसून म्हणाले. माझ्या मते मी प्रेमानेच बोलले होते.

त्यांच्या फोनवरही माझा आकडा दिसेल अशी सोय होती, ती मीच करून दिली. तिथे वाट लागली. एकशे ऐंशीच्या वर गेलं की फोन. ऐंशीच्या खाली आलं की फोन. "माय, काय खाल्लंस?" एकदा मीटिंगमध्ये पाठोपाठ तीन वेळा वाजला. मी बाहेर येऊन तडकले, "पप्पा, मी तीस वर्षांची होईन आता. माझं मला बघू द्या ना." ते म्हणाले, "बरं." त्याच दुपारी मी शेअरिंग बंद केलं. त्यांनी कधी विचारलं नाही की आकडा का दिसत नाही.

माझं लग्न झालं, मी घाटकोपरला आले. रविवारी नाहूरला जायचे. अशाच एका रविवारी जेवणाआधी मी आईला वाळलेले कपडे घडी करायला मदत करत होते. पप्पा खुर्चीतून उठले, आत गेले आणि ग्लासात साखरपाणी घेऊन आले.

"पी."

"ठीक आहे मी. ब्याण्णव दाखवतंय."

"तोच टॉवेल तिसऱ्यांदा घडी करतीयेस. पी, माय."

मी चिडले. साखर उतरली की मी अशीच चिडते, हे आठवलं तेव्हा मलाही समजलं, आणि मी ग्लास घेतला. पाणी पिऊन खाली बसले. थोड्या वेळाने फोन वाजायला लागला: साखर पासष्ट, खाली जातेय. त्या दिवशी पप्पा दोन वाट्या भात जास्त जेवले, आणि मला सोडायला स्टेशनपर्यंत चालत आले. वाटेत गावाकडच्या शेळ्यांच्या गोष्टी सांगत होते.

त्या दिवशी तरी शेअरिंग पुन्हा सुरू करायला हवं होतं. फोन हातात होता, दोन बटणांचं काम. पुढच्या रविवारी करू म्हटलं. मग ते राहून गेलं. पावणेदोन वर्षांपूर्वी, एका मंगळवारी दुपारी जेवून ते खुर्चीत बसले आणि बसल्या जागी गेले.

आता माझा आकडा नवऱ्याच्या फोनवर दिसतो. तो चांगला माणूस आहे. बीप झालं की विचारतो, "बिस्कीट देऊ?" बरोबर वेळेला विचारतो. पण तो आधी फोनकडे बघतो, मग माझ्याकडे. आणि माझी साखर आता पूर्वीपेक्षा खूप चांगली असते. डॉक्टर रिपोर्ट बघून मान डोलावतात. मला पंप सोडून सुईवर परत जायचं नाही. तरी सकाळी सेट बदलताना, पोटावर सेट बसवायचं गोल यंत्र दाबून खट असा आवाज झाला, की वाटतं, कुणीतरी आधी माझं बोट हातात धरावं आणि विचारावं, किती असंल.

माझ्या उजव्या मांडीवर एक गाठ होती. पप्पा रोज तिथेच सुई द्यायचे, कारण तिथे मला दुखायचं नाही. जागा बदलत राहा, नाहीतर चरबी घट्ट होते आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, असं डॉक्टरांनी पप्पांना दोनदा बजावलं होतं. तरी मी कळवळले की त्यांचा हात तिकडेच वळायचा. पंप लागल्यापासून त्या गाठीत सुई गेली नव्हती. आंघोळ करताना मी कधीकधी ती चाचपून बघायचे. आधी लिंबाएवढी होती. मग बोराएवढी. मी कुणाला सांगितलं नाही, पण ती कमी होतेय याची मला भीती वाटायची.

गेल्या महिन्याच्या तपासणीत डॉक्टरांनी मांडी दाबून बघितली आणि म्हणाल्या, "छान, पूर्ण मऊ झालीय. आता सेट इथेही लावता येईल."

मी बरं म्हटलं. अजून तिथे लावलेला नाही.