हॅरल्डची रायफल आणि आमचे हिरवे डबे

हे तुम्हाला सांगावं की नाही, मला अजून कळत नाहीये. सांगितलं तर तुम्ही हसणार, आणि नाही सांगितलं तर मंजिरी सांगणार. मंजिरी म्हणजे माझी बायको. ती सांगते तेव्हा मी आहे त्यापेक्षा जास्त बावळट दिसतो. म्हणून मीच सांगतो. तुम्ही चहा घ्या, निवतोय.

तर मला जुन्या लष्करी रायफली जमवायचा नाद आहे. दचकू नका हो! इथे अमेरिकेत, आमच्या नोव्हाय गावात कुणी जुन्या गाड्या जमवतं, कुणी घड्याळं, मी रायफली. नागपूरला शाळेत एनसीसीत होतो, तेव्हा पहिल्यांदा थ्री-नॉट-थ्री खांद्याला लावली. तिनं असा काही दणका दिला की पुढे आठवडाभर मी दप्तर डाव्या खांद्यावर नेलं. पण प्रेम जडलं ते जडलंच. इथे आलो, नोकरी लागली, घर झालं, मुलगी कॉलेजला गेली, आणि मग मी एक थ्री-नॉट-थ्री विकत घेतली. मग दुसरी. लाकूड पुसायचं, तेल द्यायचं, अधूनमधून नेमबाजीच्या क्लबच्या रेंजवर जाऊन चार गोळ्या झाडायच्या आणि घरी येऊन परत तेल द्यायचं. मंजिरी म्हणते, एवढी मालिश लहानपणी मुलीला केली असतीस तर माझी पाठ वाचली असती.

आता क्लबातला हॅरल्ड. ऐंशीला टेकलेला, गुडघे गेलेले, पण नेम असा की आपण तोंडात बोट घालावं. त्याच्याकडे त्याच्या आजोबांची क्रॅग रायफल होती. पहिल्या महायुद्धाच्याही आधीची, अमेरिकन लष्कराची. काय वस्तू आहे म्हणून सांगू! तिच्या बाजूला एक छोटं दार असतं. ते उघडायचं, आत काडतुसं सोडायची, दार लावायचं. काडतूस आत ढकलणारा बोल्ट तर लोण्यातून सुरी फिरावी तसा सरकतो. तिची काडतुसं दुकानात सहजी मिळत नाहीत, म्हणून हॅरल्ड ती घरी बसून, चष्मा नाकावर ओढून, एकेक करून दारू भरून तयार करायचा.

हॅरल्ड आता लेकीकडे अॅरिझोनाला कायमचा जाणार होता. लेकीला घरात बंदूक नको होती. म्हणजे क्रॅग इथेच कुणाला तरी मिळणार. कुणाला, ते तो सांगत नव्हता. एवढंच म्हणायचा, ‘वस्तू सांभाळणारा माणूस हवा.’

आणि तुमच्यापासून काय लपवायचं, माझा त्या रायफलीवर डोळा होता. मी त्याला डॉक्टरकडे ने, त्याच्या अंगणातली पानं गोळा कर, त्याची तीच ती गोष्ट पहिल्यांदाच ऐकतोय अशी ऐक, असं सगळं चाललं होतं. अहो, सांभाळणारा माणूस म्हणजे मीच की! गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. एका डब्यातला भाग दुसऱ्या डब्यात जाऊ नये, याचाच मला पगार मिळतो.

नोव्हेंबरात क्लबची जुन्या रायफलींची मॅच होती. हॅरल्डची शेवटची. वजन उचलवत नाही म्हणून त्यानं काडतुसांचा डबा आठवडाभर आधीच माझ्या हातात दिला. म्हणाला, “यापुढे माझ्याच्याने भरणं होणार नाही, सुहास. आहेत ती एवढीच. आजोबांच्या रायफलीवर शेवटचा हात फिरवून मला जायचंय.” तो हे इंग्रजीत म्हणाला, पण तुमच्या-आमच्या भाषेतही ते तितकंच आत लागतं. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, काळजी करू नकोस.

आता त्या डब्याबद्दल सांगायलाच हवं. लष्करात काडतुसं ठेवायला पत्र्याचे हिरवे डबे असतात. जुन्या लष्करी मालाच्या दुकानात नवेकोरेही मिळतात. झाकणाला रबराची पट्टी आणि वरून घट्ट बसणारी कडी. आत हवा नाही, ओल नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मंजिरीचा चिवडा मऊ पडला आणि ती रडकुंडीला आली, तेव्हा माझ्या डोक्यात वीज चमकली. मी पाच-सहा कोरे डबे आणले, घासूनपुसून दिले, आणि काय सांगू, चिवडा तुळशीच्या लग्नापर्यंत कुरकुरीत! त्या दिवसापासून आमच्याकडे फराळ हिरव्या डब्यांत. इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना मीच कॉलर ताठ करून सांगायचो की आयडिया माझी आहे.

मंजिरी म्हणाली होती, डब्यांवर नावं लिही. मी म्हटलं, मला कळतं.

मॅच शनिवारी, आणि त्याच शनिवारी आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी फराळ, इथल्याच एका भाड्याच्या हॉलमध्ये. मंजिरी तिच्या गाडीतून डबे घेऊन हॉलवर गेली. मी हॅरल्डला आणि रायफलींना घेऊन रेंजवर गेलो, पाऊण तासाच्या रस्त्यावर. थंडी मरणाची, ऊन मात्र छान. हॅरल्डनं आजोबांची जुनी टोपी घातली होती. त्याची पाळी आली. मी व्हॅनमधला हिरवा डबा उचलला, ऐटीत त्याच्यापुढे ठेवला आणि कडी उघडली.

आत लाडू. रव्याचे. प्रत्येकावर एकेक बेदाणा.

हॅरल्ड लाडवांकडे बघत राहिला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेजारचा एक जण म्हणाला की या गोळ्यांचं कॅलिबर जरा मोठं दिसतंय. सगळे हसले. हॅरल्ड नाही हसला.

माझ्या पायाखालची जमीन सरकली, कारण पुढचं चित्र लगेच डोळ्यांपुढे आलं. लाडू इथे, म्हणजे काडतुसं तिथे! मंडळाच्या टेबलावर, शेव आणि करंज्यांच्या मधोमध! मॅच चालवणाऱ्या कॅरलबाईंना हात जोडले. त्या म्हणाल्या, हॅरल्डला शेवटच्या फेरीत घालते, पण चारला रेंज बंद. रायफली हॅरल्डच्या स्वाधीन केल्या आणि मी व्हॅन पळवली.

रस्त्यात मंजिरीला फोन लावला. उचलेना. उचलणार कशी, ती स्टेजवर निवेदन करत होती. मग मंडळाचे अध्यक्ष प्रभाकरकाका आठवले. काका औषधांच्या कंपनीतून रिटायर झालेले, प्रत्येक गोष्ट गंभीरपणे घेणारे. आता मला सांगा, भरल्या हॉलमध्ये फोनवर ‘काडतुसं’ हा शब्द उच्चारायचा का? काका माइक हातात घेऊनच फिरतात. लहान मुलं, म्हातारी माणसं, पळापळ झाली असती! म्हणून मी डोकं चालवलं. सगळा घात तिथेच झाला.

मी म्हटलं, “काका, आमचे हिरवे डबे उघडू नका. कारण विचारू नका. मी येतोय.”

काका म्हणाले, “अरे, एक सोडून सगळे उघडलेत. चिवडा तर अर्धा संपला.”

“मग आता कुणी हात लावू नका. मी आल्यावर सांगतो.”

काकांनी अगदी हळू आवाजात विचारलं, “किती वेळात परिणाम दिसतो?”

मी म्हटलं, कसला परिणाम? तोवर फोन बंद झाला होता.

पुढचं मला नंतर कळलं. काकांनी निवेदन करणाऱ्या मंजिरीला बाजूला केलं आणि माइकवरून जाहीर केलं की सुहास-मंजिरीच्या घरचा फराळ कृपया कुणी खाऊ नये. ज्यांनी खाल्ला असेल त्यांनी घाबरू नये, भिंतीकडच्या खुर्च्यांवर बसावं आणि पाणी प्यावं. अहो, हे ऐकल्यावर कोण घाबरणार नाही? मंडळातल्या सीमामावशींना गरगरायला लागलं. कुणाच्या पोटात कळ आली, कुणाच्या जिभेला मुंग्या. हॉलमध्ये डॉक्टर म्हणून एकच माणूस, तोही दातांचा. तो बिचारा रांगेनं सगळ्यांच्या नाड्या बघत फिरत होता. ज्यांनी चिवडा तिसऱ्यांदा घेतला होता, ते आपण चाखलासुद्धा नाही म्हणून शपथा घेत होते.

मी धापा टाकत आत शिरलो तेव्हा ही एवढी मोठी रांग भिंतीला टेकून बसलेली. सगळ्यांच्या हातात पाण्याचे ग्लास. मधे टेबलापाशी मंजिरी. तिचा चेहरा आठवला तरी मला आजही घाम फुटतो. तिनं चार दिवस खपून केलेला फराळ एका बाजूला लोटला होता आणि त्यावर कुणीतरी टेबलक्लॉथ पांघरलं होतं.

मी कुणाकडे बघितलं नाही. न उघडलेला डबा ओढला, लोकांना मागे सरकायला सांगितलं आणि कडी उघडली.

शंकरपाळे.

मी हात घालून तळापर्यंत चाचपलं. शंकरपाळेच. मग टेबलक्लॉथ उचलून बाकीचे डबे बघितले. चिवडा. चकल्या. परत चिवडा. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मग काडतुसं कुठे आहेत?”

दाताचे डॉक्टर सीमामावशींचा हात धरून तसेच थांबले.

“कसली काडतुसं?” मंजिरी म्हणाली.

मी सगळं सांगितलं. हॅरल्ड, मॅच, लाडू. ती ऐकत गेली आणि तिच्या कपाळावरच्या आठ्या बदलत गेल्या. आधी राग होता, मग तिला माझी कीव यायला लागली, आणि ते बघून मी मनातून खचलो.

“लाडवांचा डबा मीच ठेवला तुझ्या गाडीत,” ती म्हणाली. “हॅरल्ड चाललाय, त्याच्यासाठी आणि क्लबातल्या लोकांसाठी. काल रात्री तुला दोनदा सांगितलं. तू रायफलीला तेल देत होतास, दोन्ही वेळा ‘हं’ म्हणालास.”

“मग हॅरल्डचा डबा?”

“तो तुझा तू ठेवलास ना गाडीत?”

मी पार्किंगकडे धावलो. माझ्यामागे मंजिरी, तिच्यामागे माइकसकट प्रभाकरकाका, आणि त्यांच्यामागे ते सगळे मरणासन्न लोक. त्यांत सीमामावशी सर्वांत पुढे! व्हॅनचं मागचं दार उघडलं. रायफलींखाली घातलेली घोंगडी उचलली. खाली हिरवा डबा. आदल्या रात्री मीच, माझ्या या हातांनी, हलू नये म्हणून नीट कोपऱ्यात बसवलेला.

म्हणजे बघा, काडतुसं सकाळी रेंजवर पोचलीच होती. हॅरल्डपासून दहा पावलांवर होती. ती तिथून उचलून, पाऊण तास गाडी हाकून, मंडळाच्या दारात आणून उभी करणारा माणूस मी! अख्ख्या नोव्हायमध्ये फराळाला खरा धोका त्या दिवशी माझाच होता.

काकांनी माइकवरून, पार्किंगमध्ये, फराळ खाण्यास योग्य असल्याचं जाहीर केलं. मंजिरी सरळ माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली. म्हणाली, मी येते, नाहीतर तू हा डबा ओहायोला पोचवशील.

रेंजवर पोचलो तेव्हा शेवटची फेरी लागत होती. डबा मंजिरीनं उचलला. तिनं तो हॅरल्डसमोर ठेवला, कडी उघडली, आत काडतुसं आहेत हे स्वतः बघितलं आणि मगच बाजूला झाली. हॅरल्डनं ते छोटं दार उघडलं, काडतुसं सोडली, दार लावलं. पहिल्या बारालाच टार्गेटच्या मधोमध भोक. मग एकेक करत तो रमला. मधेच थांबून रायफलीच्या लाकडावरून हात फिरवायचा, पुन्हा खांद्याला लावायचा. शेवटची गोळी झाडून त्यानं टोपी काढली तेव्हा मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच आलं.

परतताना व्हॅनमध्ये तो मागे बसला होता. लाडवांचा डबा मांडीवर, जवळजवळ रिकामा. क्लबातल्या लोकांनी तोवर त्याचा फडशा पाडला होता. वाटेत मंजिरीनं त्याला माझ्या दोन ‘हं’सकट सगळं सांगितलं होतं. त्याचं घर आलं तसा तो म्हणाला, “मी ठरवलंय, क्रॅग कुणाला द्यायची ते.”

मी गाडी बंद केली. नम्र दिसावं म्हणून मानही थोडी खाली घातली.

“मला असा माणूस हवा होता,” हॅरल्ड म्हणाला, “की ज्याला कुठल्या डब्यात काय आहे ते ठाऊक असतं, आणि जो ते दोनदा सांगतो.” आणि त्यानं माझ्या खांद्यावरून हात पुढे नेऊन मंजिरीचा हात हातात घेतला.

पुढे सगळं रीतसर झालं. क्रॅग आमच्याच घरी आहे, पण मंजिरीच्या नावावर. कपाटाची किल्लीही तिच्याकडे. महिन्यातून एकदा ती मला रेंजवर घेऊन जाते. हो, तीच नेते. नेमही तिचा माझ्यापेक्षा बरा निघाला. काडतुसं मात्र माझ्या हातात देत नाही. मला फक्त चहाचा थर्मास उचलू देते, आणि तोही उघडून, आत चहाच आहे ना ते बघून.