तुजियांच्या गावात मी नवरीची पाठवणी अडवली

बाईक विकली त्या दिवशी बाबा म्हणाले, "कॉलेज सोडलं, आता गाडी विकून राहिला. उद्या काय, घर?"

"चीनला चाललो," मी म्हटलं. त्यांना चहाचा ठसका लागला. आईने एवढंच विचारलं, "केतकी तिकडेच आहे ना?"

केतकी आमच्याच कॉलनीतली. चीनच्या हुबेई प्रांतात डॉक्टरकी शिकते. तीन वर्षं मी तिच्यामागे वेडा, आणि ती फोनवर नुसतं "बघू" म्हणायची. ठरवलं, समोर उभं राहून हो की नाही ते ऐकायचं. कॉलेज मी सरांशी भांडून सोडलं, हे सगळ्या जबलपूरला माहीत आहे. अडवायला कोणी उरलंच नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी: व्हिसाला भरपूर वेळ ठेवा. जबलपूरहून हावडा, कोलकात्याहून ग्वांगझूचं विमान, पुढे वेगवान रेल्वेने जवळपास अख्खा दिवस, की केतकीचं शहर, एन्शी. पैसे द्यायचं तिथलं ॲप आधीच फोनमध्ये चालू करा; नोट दिली की भाजीवालीसुद्धा वैतागते. केतकीला मी थेट कोलकात्याच्या विमानतळावरून कळवलं. उत्तर आलं, "पागल आहेस का तू? बरं, ये. मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न आहे, तुजिया लग्न. तोंड बंद ठेवशील तर नेईन."

तुजिया हा त्या डोंगरांतला मूळचा समाज. एन्शीहून त्यांच्या गावाला बस दोन तास नुसती गरगर फिरते. पुढची सीट पकडा. गाव बघून मी थबकलोच. उतारावर लाकडी घरं, मागची बाजू जमिनीत रुतलेली, पुढची उंच खांबांवर अधांतरी. आणि चहा? चहापत्ती तेलात तळतात! वर गरम पाणी, मीठ, लाह्या, शेंगदाणे. पहिला घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. केतकीची मैत्रीण श्याओ तान बघत होती, म्हणून पुन्हा उचलली. तिसरी वाटी मीच मागितली.

तेवढ्यात वरच्या खोलीतून किंकाळी आली.

धावत गेलो. लाल कपड्यांतली नवरी धाय मोकलून रडत होती. भोवती दहाएक पोरी, त्याही रडत होत्या. नवरी एका म्हातारीकडे बोट करून काहीतरी ओरडत होती.

"काय म्हणून राहिली?"

"ही लग्न जुळवणारी मध्यस्थ आहे," केतकी म्हणाली. "तिला म्हणते, गोड बोलून माझ्या आईला फसवलंस, तुझी जीभ झडो."

मग नवरीच्या भावाने तिला पाठीवर घेतलं आणि तो जिन्याकडे निघाला. ती त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होती आणि लोक चक्क हसत होते! माझं डोकं फिरलं. जिन्यात आडवा उभा राहिलो आणि ओरडलो, "रुको! जबरदस्ती नहीं चलेगी!"

रडणं थांबलं. नवरीने ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत केतकीला काही विचारलं.

केतकीचा चेहरा लालबुंद. "विचारते, हा कोण? अरे बावळटा, नवरा तिनेच पसंत केलाय! ती म्हातारी तिची मावशी. शिव्या खायला कोणीतरी पाहिजे म्हणून आजच्यापुरती मध्यस्थ झाली."

"मग रडते काहून?"

"घर सोडून चालली ना. इथे असंच रडतात. जिला रडता येत नाही तिला नावं ठेवतात."

मावशीने तिथल्या तिथे नियम काढला: ज्याने रडणं थांबवलं, त्याने आता रडून दाखवायचं. नवरी भावाच्या पाठीवरून उतरून वाट बघत उभी राहिली.

मी नाटक म्हणून सुरू केलं. "आई गं, मी बाईक विकली..." बायांनी माना डोलावल्या. मग काय झालं कळलंच नाही. मराठीत, त्या सगळ्यांसमोर, बोलत गेलो. की मी भांडून कॉलेज सोडलंच नाही. नापास होऊन राहिलो होतो, लाज वाटली म्हणून पळालो. की केतकीशिवाय माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही. नाक गळत होतं. कोणीही हसलं नाही. मावशी केतकीला काहीतरी म्हणाली.

"म्हणते, पोरगा चांगला रडतो."

मग नवरी पुन्हा रडायला लागली, पहिल्यापेक्षा जोरात, आणि तशीच गेली.

परतीच्या बसमध्ये केतकी म्हणाली, "निखिल, नाही."

"बघू पण नाही?"

"नाही. तू चिडतो म्हणून मी घाबरून बघू म्हणायची. आज पहिल्यांदा तुझी भीती वाटली नाही, म्हणून सांगून राहिली."

नकारापेक्षा 'घाबरून' जास्त लागलं. तीन वर्षं मला वाटत होतं, ती लाजते.

आता घरी येऊन आठवडा झाला. जाण्यासारखी जागा आहे का? नक्की जा. दुसऱ्याच्या दारात मात्र आधी विचारा, मग ओरडा. पहिल्याच सकाळी आई पोळ्या लाटत होती. "काय म्हणाली?" तिने विचारलं. मी नकार सांगितला, नापासाचंही सांगितलं, आणि तिथेच ओट्यापाशी बसून रडलो, बोलत बोलत, मोठ्याने.

बाबा बाहेरून आले ते दारातच थांबले. "अगं, काय झालं याला? गप्प कर ना!"

"होऊ द्या त्याचं," आई म्हणाली.

बाबा चपला काढून आत आले आणि माझ्या शेजारी खालीच बसले.