फराळाची गोणी

जवळ सरक गं जरा. तू हे कागदावर वाचणार, ठाऊक आहे मला, तरी सरक. फोनवर नुसतं "हं, हं" करतेस आणि मधेच "काकू, आवाज तुटतोय" म्हणून ठेवून देतेस. मला काय समजत नाही? तुझे आबा गेले, तू आलीस, तेराव्यापर्यंत राहिलीस, डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीस आणि पाठीवर सॅक अडकवून निघून गेलीस. त्यानंतर घराकडं फिरकली नाहीस. बायका काय बोलल्या ते मीही ऐकलं. म्हणून तुझ्या आबांचीच एक गोष्ट सांगते.

तू तेव्हा रांगत होतीस. तुझे मोठे काका, म्हणजे माझे मालक, गेले ते वर्ष. त्याच्या आधी कधीतरी तुझ्या आबांना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, टायफाईड झाला होता, आशा सुटली होती. तेव्हा काका नवस बोलले होते: माझा भाऊ उठून बसू दे, पाच दिवाळ्या अस्तंभ्याच्या यात्रेला डोंगर चढेन. चार झाल्या. पाचवीच्या आधी, श्रावणात, शेतातून आले, पाणी मागितलं, आणि मी तांब्या भरून आणीपर्यंत संपलं होतं.

मला रडू आलं नाही. आणायचं म्हटलं तरी आलं नाही. बायका गळ्यात पडायच्या, "रडी ले माय, नाही तं दगड हुई जाशी." एकीनं त्यांचा चष्मा माझ्या हातात दिला, आता तरी फुटेल म्हणून. मी बघितलं तर काच मळलेली होती. पदरानं पुसली आणि कोनाड्यात ठेवली. ती बाई माझ्याकडं बघतच राहिली.

दिवाळी आली. वर्षाच्या आत आपल्या घरात कढई चढत नाही, फराळ दुसऱ्यांनी आणून द्यायचा. मला हाताला काम नव्हतं. मी आबांना म्हटलं, "भाऊ, त्यांची एक फेरी राहिली आहे. मी जाते."

सासूबाई म्हणाल्या, "तो बाईमाणसाचा डोंगर आहे का?"

आबा खाली बघत म्हणाले, "मी आहे सोबत."

तेव्हा तो मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. एसटीनं शिरपूर, शहादा, तळोदा, आणि पुढं पाय. काकांनी खताच्या गोणीला सुतळीचे पट्टे शिवून पाठीवरची पिशवी केली होती, तीच मी घेतली. आत भाकरी, मिरचीचा ठेचा, नारळ आणि एक लुगडं.

चढ म्हणजे काय सांगू. पावसाळ्यातलं गवत वाळून निसरडं झालेलं, खाली सुटे दगड. एक पाय रोवावा तर दुसरा घसरतो. काही ठिकाणी हात टेकूनच चढायचं, बाजूला नुसती दरी. माझी टाच सोलली, ते मला पायताणात ओलं लागलं तेव्हा कळलं. दुखलं नाही.

माणसं मात्र तऱ्हेतऱ्हेची. सुरतेकडची पोरं, नव्या बुटांतली, पाठीवर रंगीत सॅक आणि एकाच्या सॅकवर टेप बांधलेला. निम्म्या चढावर बूट गळ्यात आले, टेप चालूच. आपल्याकडची शेतकरी मंडळी धोतराच्या फडक्यात गाठोडं बांधून, कमी बोलणारी. काही नुसतेच हात हलवत आलेले, "काकू, पाणी आहे का?" करत प्रत्येकाच्या ओझ्यावर जगणारे. एक शिंपीदादा तर स्टोव्ह आणि पातेलं घेऊन चढत होते. दर सपाटीला चहा टाकायचे आणि "पिऊन घ्या, वर देव चहा देत नाही" म्हणायचे. आणि तिथल्याच पाड्यावरची बाई, डोक्यावर मोळी, कडेवर पोर, आमच्या शेजारून अशी गेली की जणू अंगण ओलांडते आहे.

चहा पिताना शिंपीदादांनी मला शेव दिली. मी नको म्हटलं. आबा बोलून गेले, "घ्या वहिनी. घरी तळण नाही यंदा."

झालं. शिंपीदादांनी पुढच्याला सांगितलं, त्यानं त्याच्या पुढच्याला. वळणावळणावर माणसं गाठोडं सोडून उभी. "काकी, घरनी शेव शे, ल्या." कुणी चकल्या, कुणी करंज्या. एका म्हाताऱ्यानं अख्खी पुरचुंडीच दिली, "बठ्ठं लई जा माय." सुरतेची पोरं थांबली, "लो मासी, घूघरा छे," म्हणजे आपल्या करंज्याच. फुकट पाणी पिणाऱ्यांतल्या एकानंही कुठूनसा लाडू पैदा केला, तो मघाशी त्याला दुसऱ्या कुणी दिलेला असणार. जगात सगळ्यांची ओझी चढताना हलकी होतात, माझी गोणी मात्र फुगत गेली. सुतळी खांद्यात रुतली.

आबा म्हणाले, "आणा इकडे."

"राहू द्या भाऊ. फेरी त्यांची आहे, तुम्ही नाही उचलायची."

मग ते वरपर्यंत माझ्याकडंच बघत चालले, मी कधी कोसळते ते बघावं तसे.

वर वारा होता. देवापुढं रांग होती. नारळ वाढवला, काकांचं नाव घेतलं, फेरी पूर्ण झाली म्हणून सांगितलं. मग एका कातळावर बसलो.

"वहिनी, काही वाटलं?"

"टाच सोलली आहे."

"तसं नाही. आत काही?"

"काही नाही, भाऊ."

आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, इथं आलात की तुम्ही रडाल. नवस माझ्यासाठी होता ना. पण तुम्ही घरातल्या मोठ्या. तुमच्या आधी मी कसा रडू?"

श्रावणापासून तो माणूस माझी वाट बघत थांबला होता, आणि मला पत्ता नव्हता. मी म्हटलं, "माझ्यासाठी थांबू नका. माझं यायचं तेव्हा येईल, नाहीतर नाही येणार. तुम्ही रडून घ्या."

त्यांनी टॉवेल तोंडावर धरला आणि रडले. लहान मुलासारखे, नाक ओढत. सुरतेच्या पोरांनी टेप बंद केला आणि दुसरीकडं बघत बसली. मी आबांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम लागत होती, एवढं मला कळलं. त्यापलीकडं काही नाही. माझे डोळे तेव्हाही कोरडेच होते, खोटं कशाला सांगू.

उतरताना आबा हलके चालत होते. मी होते तशीच होते. पण त्यानंतर घरात कुणी बाई मला रडवायला आली तर आबाच तिला दारातून परत पाठवायचे, "वहिनींना काम आहे." काम कसलं, मी बसलेली असायची. ते आपले बाजूला बसून कपाशीची बोंडं सोलायचे, बोलायचे नाहीत.

आता ते नाहीत, तर दारात मी बसेन. तुला कुणी काही विचारणार नाही, विचारलं तर माझ्याशी गाठ आहे. ये बाई. जळगावला उतरलीस की एरंडोलची एसटी दुपारचीच धर, उजेडात पोचशील. पुढच्या महिन्यावर ढकलू नको, याच आठवड्यात ये.