बॅटरी जमिनीवर होती

माझा धंदा गाड्यांच्या वायरिंगचा. त्यात करंट एकतर असतो, नाहीतर नसतो. मधलं काही नसतं. त्यामुळे या ग्रुपवर लोक भुताखेतांचे अनुभव लिहितात ते वाचून मी मनात म्हणायचो, कुठेतरी वायर लूज असेल, यांनी नीट पाहिलं नसेल. आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून घरात अंगारा नाही, गंडा नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. आजही नाही. जे झालं ते सरळ लिहितो. पण त्यासाठी तीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी कुणालाच सांगितली नव्हती...

माझं वय चोपन्न. हिंगणा रोडला माझं टिनाचं शेड आहे. या हिवाळ्यात मनीषनगरचे गिरीपुंजे सर आले. कॉलेजातून रिटायर झालेले, जुन्या गाड्यांचे शौकीन. त्यांनी उमरेडच्या एका भंगारवाल्याकडून जुना पेट्रोल ट्रक घेतला होता. मिलिटरीतून निघालेला, सहा सिलिंडरचा. इंजिन बांधून घेतलं होतं, स्टार्टरही नवा टाकला होता.

"हे पॉइंट घासून घासून कंटाळलो हो मी," ते म्हणाले. "इलेक्ट्रॉनिक करून टाका."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या पेट्रोल इंजिनात डिस्ट्रिब्युटर नावाचा डबा असतो. त्यात दोन बारीक पॉइंट उघडझाप करतात आणि प्रत्येक वेळी एका सिलिंडरला करंट जातो. पॉइंट झिजतात, मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सरकतं. ते काढून तिथे सेन्सर आणि चुंबकाची रिंग बसवली की झिजायला काही उरतच नाही. अर्ध्या दिवसाचं काम.

मी हो म्हणालो. मग ट्रकच्या खाली वाकलो आणि तसाच बसून राहिलो. चेसिसला पाण्याच्या टाकीसाठी चार कान वेल्ड केलेले होते. ते वेल्डिंग आमचंच होतं. हा ट्रक मी ओळखत होतो.

माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, आमचे भाऊजी, उमरेडला मेकॅनिक होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो, त्यांच्याच घरी जेवलो. हा ट्रक तेव्हा पाण्याचा टँकर होता आणि त्याचा स्टार्टर कायम बंद. समोरून लोखंडी हँडल मारून चालू करायचा. हँडल मारणं म्हणजे गंमत नाही. टायमिंग फार पुढे असेल तर पिस्टन वर पोचायच्या आधीच भडका उडतो आणि हँडल उलटं फिरतं. म्हणून अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ आवळायची नाही. हे अख्ख्या उमरेडला भाऊजींनीच शिकवलं. आणि त्यांच्या शेडमध्ये एक कायदा होता. टायमिंग ज्याने लावलं, पहिलं हँडल त्यानेच मारायचं. चूक केली तर स्वतःच्या हाताने भोगा.

टँकर भरल्यावर चढावर मरत होता. भाऊजी म्हणायचे, म्हातारं इंजिन आहे, एवढंच ओढेल. मला वाटलं, आपण ओढून दाखवू. एका सकाळी ते यायच्या आधी मी डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग पुढे नेलं. कुठवर नेलं ते लक्षात राहावं म्हणून पेचकसाने डब्यावर रेघ ओढली. तेवढ्यात ते आले. हँडल हातात घेतलं.

"टायमिंगले हात लावला का गा?"

"नाही जी."

"पक्कं?"

"नाही लावला, म्हणलं ना भाऊजी."

शिव्या पडतील म्हणून खोटं बोललो. एवढंच कारण. हँडल उलटं फिरून त्यांच्या उजव्या हातावर बसलं. मनगटाच्या वर चार बोटं, दोन्ही हाडं मोडली. ओरडणं ऐकून आजूबाजूचे लोक धावत आले आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. मी मागे थांबलो... आणि डिस्ट्रिब्युटर फिरवून जागेवर आणला.

हाड वाकडं जुळलं. त्या हाताने पुन्हा नट आवळला गेला नाही. बाकीचे मेकॅनिक हसले. "दुनियेले अंगठा शिकवला अन् सोताच विसरला उस्ताद!" भाऊजींनीही तेच खरं मानलं. कुणी विचारलं की खाली पाहून म्हणायचे, "चुकला असंल अंगठा." शेड बंद पडलं. ताई आणि ते हिंगण्याला आले, आणि एका कंपनीच्या गेटवर ते वॉचमन झाले. मी त्यांच्याच विद्येवर माझं शेड टाकलं. दोन वर्षांपूर्वी ते वारले. तेव्हाही मी बोललो नाही.

तर... सेन्सरचं किट बसवलं. टायमिंग लाइट लावून खूण बरोबर जागी आणली, बोल्ट आवळला. इंजिन असं चाललं की बोनेटवर भरला ग्लास ठेवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर मारला तर तो धक्के खाऊ लागला. पाहिलं तर डिस्ट्रिब्युटर फिरलेला. बोल्ट घट्ट होता. डबा नेमका त्या जुन्या पेचकसाच्या रेघेवर आला होता. शेडची चावी एकच, माझ्या खिशात.

म्हटलं, मीच काल अर्धवट आवळला असेल. पुन्हा लावलं. जोडावर बायकोची नेलपॉलिश फासली, हललं तर रेघ तुटावी म्हणून. पुढच्या सकाळी पॉलिशची रेघ अखंड, डबा मी ठेवला तिथेच. आणि तरी लाइटमध्ये टायमिंग पुढे! तेवढंच पुढे. रिंग तपासली, वेगाप्रमाणे टायमिंग पुढे ढकलणारी आतली वजनं तपासली, किट बदलून नवीन टाकलं. तिसऱ्या सकाळी तेच.

मी बॅटरी काढून जमिनीवर ठेवली. पेट्रोलचा कॉक बंद केला. पिस्टन नेमका कुठे आहे ते हँडल सावकाश फिरवून पाहायचं ठरवलं. दहा वाजले असतील, स्वच्छ ऊन होतं. तेवढ्यात सर आले, खुशीत, मोबाइल काढूनच.

"वा, हँडल! द्या इकडे, मी मारतो. तुम्ही व्हिडिओ काढा."

"सर, नका. टायमिंग मी लावलंय. हँडल मीच मारणार."

तीस वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

"अहो, बॅटरी तर खाली ठेवलीय. काय होणार आहे?"

"तरी नका."

ते हसत बाजूला झाले आणि व्हिडिओ काढू लागले. मी अंगठा बोटांच्या बाजूला ठेवला. तो ठेवलेला व्हिडिओत स्वच्छ दिसतो. अर्धा फेराही झाला नव्हता. एक बार झाला, एकच. हँडल हातातून सुटलं, उलटं आलं आणि माझ्या उजव्या हातावर बसलं. मनगटाच्या वर. सायलेन्सरमधून थोडा धूर निघाला आणि इंजिन गप्प. व्हिडिओत बॅटरी तिथेच जमिनीवर दिसते, दोन्ही केबल लोंबकळताना दिसतात.

दवाखान्यात आजूबाजूचे शेडवाले भेटायला आले. पहिलाच म्हणाला, "काहून भाऊ, अंगठा चुकला काय?" मी म्हणालो, नाही. तो दुसऱ्याकडे पाहून हसला. "आता कोण कबूल करते जी!"

मी व्हिडिओ दाखवला नाही. डोळे मिटून पडून राहिलो.

प्लॅस्टर घेऊन पहिल्यांदा ताईकडे गेलो. ती अंगणात तांदूळ निवडत होती. तिने हाताकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"हँडल?"

"हो. पण अंगठा बरोबर होता ताई. भाऊजींचाही बरोबर होता." आणि सगळं सांगितलं. टायमिंग, खोटं बोलणं, मागाहून डबा फिरवून ठेवणं.

ती रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही.

"या हातपंपाचा दांडा धरून पाहे तो," ती म्हणाली. "मरेपर्यंत. मले विचारे, 'असाच तं धरत होतो ना वं मी? पाय बरं, असाच ना?' मी म्हणे, सोडा ना आता. कितीकदा तं तू इथंच बसून जेऊन राहिला होता रे. पाहे तो, अन् तू जेवे."

मी हातपंपाकडे पाहिलं.

"आता कायले आला? हात तुटला म्हून? साजरा राहिला असता तं आला नसता ना?"

"ताई, माफ..."

"मले नोको मागू. जे हसले त्यायले जाऊन सांग."

ट्रक अजून माझ्या शेडमध्ये आहे. सर तो न्यायला येत नाहीत. फोनवर बोलतात, पण येत नाहीत. दोन इंजिनिअरांनी व्हिडिओ पाहिला. एक म्हणाला, कॉम्प्रेशनचा, म्हणजे आत दाबलेल्या हवेचा, उलटा झटका असेल. मग धूर कुठून आला आणि बार कसला, ते त्यालाही सांगता आलं नाही. रात्रभर थंड पडलेलं इंजिन, पेट्रोल बंद, बॅटरी नाही. मी वायरिंगवाला आहे, चौतीस वर्षांचा अनुभव आहे. करंट आला कुठून? मला माहीत नाही. भाऊजींनी हे केलं असं मी म्हणत नाही. ते हयातीत कुणाच्या अंगावर हात उचलणारे नव्हते.

गेल्या आठवड्यात उमरेडला गेलो. तेव्हा हसणाऱ्यांपैकी दोघेच उरलेत. दोघेही म्हातारे, बस स्टँडजवळच्या टपरीवर बसतात. त्यांना सगळं सांगितलं. एकाला तर उस्ताद कोण तेच आठवेना. दुसऱ्याने शेवटपर्यंत ऐकलं, चहा संपवला आणि माझ्या गळ्यातल्या झोळीतल्या हाताला हलकेच थोपटलं.

"तू दिलाचा चांगला हायेस गा. मेलेल्या मानसासाठी आपल्यावर घेऊन राहिला. पन अंगठा त्याचाच चुकला होता. आमी सोता पाह्यलं ना."

त्याने काही पाहिलं नव्हतं. त्या सकाळी शेडमध्ये आम्ही दोघेच होतो.

परत येताना बसमधून ताईला फोन केला. तो काय म्हणाला ते सांगितलं.

ती म्हणाली, "उद्या पुन्हा जाय."