तांड्याच्या वाटेवरची सोबत

सुमन गेली तेव्हा तिच्याजवळ कोणी नव्हतं. हे वाक्य मी मनात इतक्या वेळा म्हटलं आहे की आता ते लिहिताना हात थांबत नाही. मी, तिचा नवरा, त्या दिवशी हिंगोलीला, कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. दुपारी कधीतरी तिला चक्कर आली असावी. संध्याकाळच्या जीपने गोरेगावला उतरलो, तेव्हा लक्ष्मीकाकू आमच्या दारात उभ्या होत्या, आणि त्यांनी काही बोलायच्या आधीच मला कळलं. स्वयंपाकघरात पाण्याचा तांब्या कलंडलेला होता. तिनं हाक मारली असेल का? मारली असेल तर कुणाला? हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या घरात राहायला आला. लोक समजूत घालायचे, परमेश्वरानं तिला अलगद उचललं. मी मान हलवायचो आणि मनात म्हणायचो, तुम्हाला काय माहीत, दार तर आतून लोटलेलं होतं.

आमची मंडळी लहान आहे. चर्चची इमारत नाही. पाच-सहा घरची माणसं रविवारी कुणाच्या तरी घरात सतरंजी टाकून बसतात, गातात, प्रार्थना करतात आणि मग एकत्र जेवतात. पास्टर महिन्यातून एखाद्या वेळी येतात. एरवी भाजीचा गाडा लावणाऱ्या लक्ष्मीकाकूच सगळं चालवतात. त्यांचा एक नियम आहे. उपासना संपली की पहिलं ताट घरात कुणी घ्यायचं नाही. ते गावातल्या किंवा आसपासच्या एखाद्या आजारी, एकट्या माणसाकडे जातं, मग तो कुठल्याही जातीचा, धर्माचा असो. आणि ते न्यायला नेहमी दोघांनी जायचं. प्रभूनं आपली माणसं दोघं-दोघं करून पाठवली होती, म्हणून. सुमन आणि लक्ष्मीकाकू अशी ती जोडी होती. मी मागे भिंतीला टेकून बसणारा माणूस. विश्वास माझा होता, पण पुस्तकातल्या दोऱ्यासारखा, दोन पानांत मिटून ठेवलेला.

सुमन गेल्यावर काकू म्हणाल्या, "सर, तिची जागा तुमीच घ्या आता." नाही म्हणण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती. आम्ही जात होतो ते बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या याडीकडे. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. सगळे तिला तेवढंच म्हणायचे. तिचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले, पायावर बरी न होणारी जखम, म्हणून ती घर राखायला मागे राहिलेली. जेवण देऊन झालं की कडुनिंबाच्या पाल्याच्या कोमट पाण्यानं ती जखम धुवायची, हे सुमनचं काम. मी पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा तोंड फिरवलं. याडी म्हणाली, "सर, पाय हिकडं हाय."

मग काकूंचा गुडघा सुजला. त्या अंथरुणावरूनच ताट बांधून देत म्हणाल्या, "थांबा, मी कुनाला तरी सोबत धाडते. एकट्यानं जायचं न्हाई."

"उशीर होईल. ती वाट बघत असेल."

"काहून ऐकत न्हाई तुमी? नियम म्हंजे नियम."

मी ऐकलं नाही. मला त्या दिवसांत माणसाची सोबत नकोशी होती.

डांबरी रस्ता सोडून तांड्याकडे वळताना रहीमचाचांचं पंक्चरचं दुकान लागतं. पुढे नुसता माळ, मग एक कोरडा नाला, आणि पलीकडे तांडा. ऊसतोडीच्या दिवसांत तिथे जवळजवळ प्रत्येक दाराला कुलूप असतं. भर दुपारी त्या गल्लीतून चालताना आपलाच आवाज बंद दारांवर आपटून परत येतो. एका दोरीवर कुणाचा तरी विसरलेला परकर वाळून कडक झालेला होता. वारा नव्हता, तरी तो मधूनच हलायचा. लहानपणी आई म्हणायची, भर दुपारी रिकाम्या जागी थांबू नये. शिकलेल्या माणसालाही ते तिथे आठवायचं. पावलांचे आवाज मोजू नयेत असं मी ठरवलं होतं, कारण ते मला माझ्या पावलांपेक्षा जास्त वाटायचे.

याडी दारातल्या बाजेवर बसलेली होती. मी ताट ठेवलं तर ती माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, "त्यास्नी बी आत बोलवा की. उन्हात काहून उभं केलं?"

मी वळून पाहिलं. कडुनिंबाची सावली, आणि त्यात कोणी नाही. म्हातारपण आहे, असं मी समजलो. पण पुढच्या रविवारी तिनं चुलीवरचा चहा दोन कपांत ओतला. मी म्हटलं, "याडी, मी एकटाच आहे." ती म्हणाली, "असू द्या. त्यास्नी लाज वाटत असंल." दुसरा कप तसाच निवत राहिला. जाताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्याच दिवशी परतताना रहीमचाचांनी टायरमधून डोकं वर काढलं. "सर, सोबतचे पाहुणे कुठं राहिले? जाताना तर बराबर दोघं दिसले."

"कसे होते?" मी विचारलं.

"इतक्या लांबून काय कळतंय? तुमच्या मागं मागं व्हते. म्हटलं, असतील सासुरवाडीचे." ते हसले आणि पुन्हा कामाला लागले.

तेव्हापासून मी बदललो, आणि चांगला बदललो असं म्हणता येणार नाही. मला खात्री पटली की ती सुमन आहे. रविवारची मी आठवडाभर वाट बघू लागलो. तिला आवडायचा तो शर्ट घालू लागलो. माळावर पोचलो की हळू आवाजात तिच्याशी बोलायचो: काकूंचा गुडघा, घरातली मुंग्यांची रांग, काहीही. मागे वळून बघायचं मात्र नाही. वळलो आणि ती नाहीशी झाली तर? उपासनेत माझं लक्ष नसायचं. सगळे प्रभूला हाक मारत असताना मी तिला मारायचो. काकूंनी पुन्हा सोबतीला माणूस देऊ केला, तेव्हा मी तुटकपणे नको म्हणालो. तिसऱ्या कुणाला मी त्या वाटेवर येऊ देणार नव्हतो. मला तिला फक्त एक विचारायचं होतं. त्या दुपारी किती वेळ एकटी होतीस?

अशाच एका रविवारी नाल्यात उतरताना दगड निसटला आणि मी गुडघ्यांवर पडलो. ताट वाचलं. धूळ झटकून, हात पुसून मी वर चढलो. नाल्याचा तो भाग तांड्यावरून दिसत नाही.

याडीची जखम धुताना शेवटी मी विचारलंच. "याडी, माझ्या मागून येते ती सुमनच ना? लुगडं कुठलं असतं तिचं?"

याडीचं बोळकं हसलं. "काय येडेबिडे झाले का सर? सुमनला मी वळखत न्हाई व्हय? तिनं माझं डोस्कं विंचरलंय. ह्यो बाप्या मानूस हाय."

माझ्या हातातलं फडकं पाण्यात पडलं. "कोण?"

"ते तुमाला ठाव. तोंड न्हाई दिसत. तुमी थांबले की थांबतो. आज तुमी नाल्यात पडले तवा खाली वाकला व्हता."

"तुम्हाला नाला दिसतो इथून?"

"मला कसा दिसंल? आता तुमी आले तवा त्याच्या बी गुडघ्याला माती व्हती." एवढं बोलून ती भाकरी कुस्करू लागली, जणू बाजारभावाची गोष्ट झाली. अंगावर काटा येणं म्हणजे काय, ते मला त्या उन्हात कळलं. आणि त्याहून जास्त, खरं सांगतो, माझी निराशा झाली. ती सुमन नव्हती. मी तिच्याशी इतके दिवस बोललो होतो आणि ती तिथे नव्हतीच.

पायाला पट्टी बांधून मी उठलो तेव्हा याडी सहज म्हणाली, "तवा बी यायचा तो. सुमन अन् लक्ष्मी यायच्या तवा. मी म्हनायची, दोघींच्या मागं ह्यो तिसरा कोन, सुमनच्या पाठोपाठ चालून राहिलाय? मला वाटलं तुमच्या मंडळीतलाच कुनी असंल. तिला कदी सोडत नव्हता बगा."

मी पुन्हा खाली बसलो. याडीनं आपल्या ताटातली अर्धी भाकरी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "मला तुमच्या देवाचं काय बी कळत न्हाई. जेवा."

ते कोण होतं, हे मी कुणाला पटवून देऊ शकत नाही, आणि मला द्यायचंही नाही. याडीच्या डोळ्यांत मोतीबिंदू असेल, चाचांनी वाटसरू पाहिला असेल. मला एवढंच ठाऊक आहे की मी मागत होतो ते मला मिळालं नाही. मला सुमन परत हवी होती, निदान एका वाटेपुरती. त्याऐवजी मला सांगण्यात आलं की तिच्या पाठीशी जो होता, तो आता माझ्या पाठीशी आहे. आधी ते देणं फार थोडं वाटलं. आता वाटतं, त्याखेरीज द्यायला दुसरं काही नव्हतंच. त्या दुपारी लोटलेल्या दाराआड काय झालं, हे मला कधीच दिसणार नाही. ते बघण्याचा हट्ट त्याच्या हाती सोपवणं, हेच बहुधा शरण जाणं असावं. ते एकदा करून भागत नाही. काही दिवशी सकाळी पुन्हा करावं लागतं.

याडीची माणसं उसावरून परतली आहेत. पहिलं ताट आता दुसऱ्या घरी जातं, आणि मी, गुडघा बरा झालेल्या काकूंच्या बरोबर, नियमानं जातो. याडीनं ते सांगितलं, त्याच्या पुढच्या रविवारी उपासनेत काकूंनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का. मी आयुष्यात पहिल्यांदा उभा राहिलो. खूप काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आलं नाही. मी म्हणालो, "ती एकटी नव्हती," आणि खाली बसलो. काकूंनी पदरानं डोळे टिपले, आणि घरभर सगळे हळूच आमेन म्हणाले.