तिरक्या छापाची नाणी

टांकसाळीत छाप तिरका पडलेलं नाणं हजार हातांतून जातं, पण कुणी पाहत नाही. मी पाहतो. भाजीवाल्या आक्कांच्या डब्यातून अशी नाणी निवडून घ्यायचो, बदल्यात नेहमीची द्यायचो. नाणी जमवणारे शौकीन त्यांना केवढी किंमत देतात, हे मात्र आक्कांना कधीच सांगितलं नाही.

काल त्यांनी पदराची गाठ सोडली. आत तसलीच तीन नाणी!

"घ्या दादा, तुमच्यासाठी ठेवलीत. खोटी नाणी दुसरं कोण बदलून देतंय? तुम्हीच एक देवमाणूस, माझं नुकसान अंगावर घेता."

मी हादरलो. त्यांनी वर कोथिंबिरीची जुडीही पिशवीत कोंबली. खरं सांगायला मी तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "राहू द्या, पैसे नकोत."

आणि मी राहू दिलं.